फ्लोरेन्झ झीगफेल्ड आणि त्याच्या 'फॉलीज': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीच्या, जुन्या दिवसांचा विषय निघाला की झीगफेल्डबद्दल तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. काही जण सिनेमा पाहून विचारतात, काही जण आजोबांच्या बनियनवरून. म्हणून सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सोपे प्रश्न आधी, फाटे फुटणारे नंतर. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा देण्यापेक्षा प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आणि हे सगळं लिहिताना एक मात्र जाणवत राहिलं: या माणसाचं चरित्र वाचायचं तर त्याची बिलं वाचावीत, भरलेलीही आणि बुडवलेलीही.

१. झीगफेल्ड नक्की काय करायचा? नट होता, गायक होता की संगीतकार?

यातलं काहीच नाही. तो निर्माता होता. गाणी दुसऱ्याने लिहिलेली, नाच दुसऱ्याने बसवलेले, पडदे दुसऱ्याने रंगवलेले आणि बऱ्याचदा पैसाही दुसऱ्याचाच. स्वतःची अशी एक नजर मात्र होती. कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग, कुठल्या मुलीला कुठल्या पायरीवर उभं करायचं, कुठल्या गाण्यानंतर हशा हवा, हे त्याला कळायचं.

जन्म २१ मार्च १८६७, शिकागो. वडील जर्मनीहून आलेले, 'शिकागो म्युझिकल कॉलेज'चे संस्थापक. घरात शास्त्रीय पाश्चात्त्य संगीताचं वातावरण, आणि मुलाचा सगळा ओढा जत्रा-तमाशांकडे. १९०७ मध्ये त्याने 'फॉलीज' सुरू केल्या, म्हणजे दरवर्षी नव्याने निघणारे रेव्ह्यू (प्रश्न ३); मग संगीत नाटकं, १९२० मध्ये 'सॅली', १९२७ मध्ये 'शो बोट'. २२ जुलै १९३२ रोजी कॅलिफोर्नियात वारला.

२. नाव झीगफेल्ड की झीगफील्ड?

झीगफेल्ड. शेवटचा तुकडा जर्मन 'फेल्ड', इंग्रजी 'फील्ड' नव्हे. अमेरिकेतही ही चूक सर्रास होते, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. त्याच्या नावापुढे 'ज्युनिअर' लावायचं कारण एवढंच की वडिलांचं नावही फ्लोरेन्झच.

३. रेव्ह्यू म्हणजे संगीत नाटकच ना?

नाही. संगीत नाटकात पद कथेला धरून येतं. रेव्ह्यूत धरायला कथाच नसते. एक गाणं, मग एक प्रहसन, मग पन्नास मुली जिना उतरतात, मग एखादा विनोदवीर त्या आठवड्याच्या राजकारणावर चिमटे काढतो, की लगेच पुढचा पडदा. शब्द फ्रेंच आहे. सरत्या वर्षाचा थट्टेने घेतलेला आढावा, हा त्याचा मूळ अर्थ.

हा प्रकार झीगफेल्डने शोधला असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं, ते चूक. न्यूयॉर्कमध्ये १८९४ मध्येच 'द पासिंग शो' झाला होता. झीगफेल्डने त्याला श्रीमंती आणली. पूर्वी जे दोन घटका करमणूक म्हणून चालायचं, त्याची त्याने दरवर्षी वाट पाहायला लावली.

४. आपल्या 'सँडो बनियन'चा झीगफेल्डशी संबंध आहे म्हणतात. खरं की थाप?

संबंध आहे, पण एक हात लांबून. बनियनला नाव मिळालं ते युजेन सँडो या प्रशियात जन्मलेल्या पहिलवानावरून, आणि या सँडोला अमेरिकेत घराघरात पोचवलं ते झीगफेल्डने.

१८९३ मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. वडिलांनी 'ट्रोकाडेरो' नावाचा करमणूक-मंडप उघडला होता आणि तो चालेना. अभिजात संगीत ऐकायला जत्रेतला माणूस कशाला येईल? पोरगा सँडोला घेऊन आला. सँडो आधीपासून वजनं उचलायचा; झीगफेल्डच्या लक्षात आलं की लोक वजन बघत नाहीत, दंड बघतात. मग कपडे कमी केले, प्रकाश नेमका पाडला, आणि खेळानंतर शहरातल्या बड्या घरच्या बायकांना विंगेत बोलावून स्नायू हाताने चाचपून पाहायची मुभा दिली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तेच. पुढे चाळीस वर्षं झीगफेल्डने जे केलं त्याचं बीज इथे आहे: वस्तू तीच, मांडणी वेगळी.

सँडो १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानात दौऱ्यावर आला, तेव्हा त्याची झीगफेल्डशी फारकत होऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हा बनियनचं श्रेय झीगफेल्डला देऊ नका. जाहिरातीचं थोडं द्यायला हरकत नाही.

५. सँडोने सिंहाशी कुस्ती केली होती का?

जाहिरात कुस्तीची होती. १८९४, सॅन फ्रान्सिस्को. सिंहाच्या तोंडाला मुसकं, पंजांना पिशव्या. बिचारा लढायलाच तयार नव्हता, सँडोने त्याला उचललं तरी ढिम्म. प्रेक्षकांनी पैसे परत मागितले. तरुण झीगफेल्डच्या नावावर पाण्याने भरलेल्या भांड्यातले 'अदृश्य मासे' आणि तापल्या पत्र्यावर नाचणारी बदकं अशाही गोष्टी सांगतात. त्या दंतकथा म्हणूनच घ्याव्यात.

६. अ‍ॅना हेल्ड खरंच रोज दुधाने आंघोळ करायची?

नाही. पण हा प्रश्न सव्वाशे वर्षांनंतरही विचारला जातो, यातच झीगफेल्डचं यश आलं.

अ‍ॅना हेल्ड ही गायिका-नटी जन्माने वॉर्साची, नावारूपाला आली पॅरिसमध्ये. १८९६ मध्ये झीगफेल्डने तिला लंडनमध्ये पाहिलं आणि खिशात दमडी नसताना भलं मोठं मानधन कबूल करून न्यूयॉर्कला आणलं. आवाज बेताचा, डोळे आणि नखरा अस्सल. ती आल्यावर काही आठवड्यांतच बातमी फुटली की एका दूधवाल्याने बाईंवर दावा लावला आहे, रोजच्या दुधाचे ६४ डॉलर थकले म्हणून. झीगफेल्डने बाजू मांडली ती अशी की दूध आंबूस निघालं, त्यात बाईंनी स्नान कसं करावं? पत्रकार धावले. पुढे कळलं की दावाच बनावट होता.

यातली गंमत पाहा. 'अमुक नटी फार सुंदर आहे' ही जाहिरात कोणी छापली नसती. 'अमुक नटीने दुधाचं बिल थकवलं' ही बातमी सगळ्यांनी फुकट छापली. झीगफेल्डच्या कारकिर्दीतलं हे सगळ्यात फायदेशीर न भरलेलं बिल. पुढच्या बिलांचं काय झालं ते प्रश्न १७ मध्ये.

७. दोघांचं लग्न झालं होतं का? एकीकडे 'पत्नी' वाचलं, दुसरीकडे 'नाही'.

दोन्ही बरोबर. १८९७ पासून दोघं नवरा-बायको म्हणून जाहीरपणे राहत होते, पण रीतसर विधी झाला नव्हता. हेल्डचा पहिला नवरा हयात होता. दीर्घ सहवासामुळे कायद्याने ते लग्न धरलं गेलं, म्हणून १९१२-१३ मध्ये घटस्फोटही कायद्यानेच घ्यावा लागला. ११ एप्रिल १९१४ रोजी त्याने बिली बर्क या नटीशी लग्न केलं, ते मात्र निर्विवाद. मुलगी पॅट्रिशिया १९१६ ची. हेल्ड १९१८ मध्ये गेली.

८. 'फॉलीज'ची सुरुवात कशी झाली? नावामागे काय आहे?

पॅरिसच्या 'फोली बर्जेर' या करमणूकगृहासारखं काही न्यूयॉर्कमध्ये करावं, ही सूचना हेल्डची असं बहुतेक चरित्रकार मानतात. ८ जुलै १९०७ रोजी 'न्यूयॉर्क थिएटर'च्या गच्चीवर पहिला प्रयोग झाला. वातानुकूलन नव्हतं तेव्हा उन्हाळ्यात नाट्यगृहं ओस पडत, म्हणून गच्ची. तिला नाव दिलं 'जार्दां द पारी', म्हणजे पॅरिसची बाग. खर्च सुमारे १३ हजार डॉलर, तोही क्लॉ आणि अर्लँगर या नाट्यगृहसम्राटांचा. झीगफेल्ड तिथे आठवड्याला २०० डॉलरवर काम करणारा माणूस होता, मालक नव्हे. जाहिरातीत त्याचं नावही नव्हतं. 'झीगफेल्ड फॉलीज' हे नाव १९११ पासूनचं.

'फॉलीज ऑफ १९०७' यात इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून तेरा होतात आणि झीगफेल्डला तेरा लाभतो, म्हणून हे नाव. तेराच्या या गोष्टीवर माझा विश्वास बसतो, कारण माणूस कमालीचा शकुन-अपशकुनवाला होता. सोंड वर केलेल्या हत्तींच्या मूर्ती तो गोळा करायचा. सोंड खाली असलेला हत्ती समोर आला तर बिथरायचा.

१९१३ मध्ये फॉलीज बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या 'न्यू ॲम्स्टरडॅम' नाट्यगृहात आल्या, आणि ते त्यांचं खरं घर ठरलं.

९. 'झीगफेल्ड गर्ल' म्हणजे नर्तकी का?

सगळ्या नव्हेत. नाचणाऱ्या मुली वेगळ्या, आणि नुसत्या चालणाऱ्या वेगळ्या. या दुसऱ्या उंच असत, आणि त्यांचं काम म्हणजे डोक्यावर भलामोठा पिसांचा मुकुट तोलत, खाली न बघता, जिना उतरणं. ऐकायला सोपं वाटतं. उंच टाचा घालून, हातभर रुंदीच्या पायऱ्या नजरेने न चाचपता उतरून पाहा. नृत्यदिग्दर्शक नेड वेबर्नने यासाठी जी चाल बसवली तिला 'झीगफेल्ड वॉक' म्हणत. यातली डोलोरेस ही तर मुळात कपड्यांच्या दुकानातली मॉडेल. ती नाचत नव्हती, गात नव्हती, हसतही नव्हती. १९१९ मध्ये पांढऱ्या मोराच्या वेशात नुसती रंगमंचावर आली आणि शहर वेडं झालं.

चित्रकार बेन अली हॅगिन काही प्रवेश जिवंत चित्रांसारखे रचायचा, त्यांत मुली जवळजवळ विवस्त्र पण निश्चल असत. 'कला' म्हणून ते खपून जाई. 'अमेरिकन मुलीचा गौरव' हे पुढे घोषवाक्यच झालं. या अमेरिकन मुलीत काळी मुलगी कधीच नव्हती, हेही त्याच दमात सांगायला हवं.

लुईझ ब्रूक्स, बार्बरा स्टॅनविक, पॉलेट गोडार्ड या पुढच्या चित्रपट-तारका इथूनच गेल्या.

१०. मग त्या थाटाचं श्रेय कोणाचं?

माझ्या मते सगळ्यात जास्त योझेफ अर्बनचं. व्हिएन्नाचा वास्तुविशारद. बॉस्टनच्या ऑपेरासाठी अमेरिकेत आला आणि १९१५ पासून फॉलीजचं नेपथ्य करू लागला. तोवर ब्रॉडवेचे पडदे उभे टांगून सपाट रंगवत. अर्बन कापड जमिनीवर अंथरायचा आणि त्यावर वेगवेगळ्या रंगांचे ठिपके शिंपडायचा. निळा दिवा पडला की निळे ठिपके उठून येत, लाल पडला की लाल. म्हणजे पडदा तोच, पण पहाटही त्यातच आणि संध्याकाळही त्यातच. त्याआधीच्या फॉलीज भपकेबाज होत्या. अर्बन आल्यावर त्या देखण्या झाल्या.

कपडे त्याच १९१५ पासून 'लुसील' म्हणजे लेडी डफ गॉर्डनचे. टायटॅनिकमधून वाचलेली हीच ती. झीगफेल्ड पोशाखांच्या आतल्या, प्रेक्षकाला कधीही न दिसणाऱ्या अस्तरालाही खरं रेशीम मागायचा असं सांगतात. मुलीला ते अंगाला जाणवतं आणि तिची चाल बदलते, हा त्याचा युक्तिवाद. हिशेबनीस काय म्हणाला असेल, कल्पना करा.

११. झीगफेल्डला विनोद कळायचा नाही, हे खरं का?

त्याच्याच विनोदवीरांनी तसं सांगून ठेवलं आहे. तो हसायचा नाही. विनोद म्हणजे पोशाख बदलायला लागणारा वेळ भरून काढायची सोय, असं त्याचं गणित होतं. आणि तरी यादी पाहा: फॅनी ब्राइस (१९१०), एड विन (१९१४), डब्ल्यू. सी. फील्ड्स (१९१५), विल रॉजर्स (१९१६), एडी कँटर (१९१७).

विल रॉजर्सला तर तो काढूनच टाकणार होता. गुराख्याच्या वेशात दोर फिरवत बडबडणारा माणूस या रेशमी दुनियेत कशाला? त्याचा सहकारी जीन बक आडवा आला म्हणून रॉजर्स टिकला. त्याची युक्ती प्रश्न १३ मध्ये आहे.

१२. बर्ट विल्यम्सला घेऊन झीगफेल्डने वंशभेद मोडला, असं म्हणता येईल का?

अर्धं म्हणता येईल. बहामात जन्मलेला विल्यम्स १९१० मध्ये फॉलीजमध्ये आला. गोऱ्या नटांच्या एवढ्या मोठ्या खेळात प्रमुख भूमिकेत काळा नट, हे ब्रॉडवेवर पहिल्यांदाच घडत होतं. इतर नटांनी काम सोडायची धमकी दिली. तुम्हा सगळ्यांच्या जागी दुसरे आणता येतील, त्याच्या जागी नाही, अशा अर्थाचं उत्तर झीगफेल्डने दिल्याचं सांगतात. मधली एक-दोन वर्षं सोडता विल्यम्स १९१९ पर्यंत राहिला.

पण हाच विल्यम्स मुळात उजळ वर्णाचा असून तोंडाला काजळी फासून काम करत होता, कारण 'काळा विनोदवीर' तसाच दिसायचा ही प्रेक्षकांची सवय. खेळ संपला की त्याच शहरातल्या हॉटेलांत त्याला वेगळी वागणूक. झीगफेल्डने त्याच्यासाठी दार उघडलं, पण त्याच्यामागून बरीच वर्षं फॉलीजमध्ये आणखी कोणाला आत घेतलं नाही. १९१९ मधला एक प्रसंग याहून बोलका आहे, तो प्रश्न १४ मध्ये.

१३. 'मिडनाइट फ्रॉलिक' ही फॉलीजच का?

नाही, ती वेगळी. १९१५ पासून न्यू ॲम्स्टरडॅमच्या गच्चीवरच्या सभागृहात, खालचा खेळ संपल्यावर मध्यरात्री सुरू होई. टेबलं, जेवण, दारू, टेबलाटेबलावर फोन, आणि प्रेक्षकांच्या डोक्यावरून जाणारी काचेची वाट, जिच्यावरून मुली चालत.

प्रेक्षक बरेचसे रोजचेच, म्हणून विल रॉजर्सला कालचा विनोद आज चालेना. त्याने रोजचं वर्तमानपत्र वाचून त्यावरच बोलायला सुरुवात केली, आणि त्यातूनच तो पुढे देशभर ऐकला जाणारा भाष्यकार झाला. १९२० च्या दारूबंदीने फ्रॉलिकचं कंबरडं मोडलं. दारूशिवाय मध्यरात्रीपर्यंत कोण जागणार?

१४. १९१९ चा संप काय होता?

ऑगस्ट १९१९ मध्ये नटांच्या 'इक्विटी' या संघटनेने ब्रॉडवे बंद पाडलं. मागण्या साध्या होत्या: तालमींचे पैसे द्या, जादा प्रयोगांचे द्या. तेव्हा तालीम फुकटच असे. झीगफेल्ड मालकांच्या संघटनेत आहे हे उघड झाल्यावर एडी कँटर आणि इतर नट बाहेर पडले आणि फॉलीज बंद झाली. न दिसणाऱ्या रेशमाला पैसे मोजणारा माणूस तालमीच्या पैशांवर अडून बसला, हे मला त्याच्या बाजूने कितीही विचार केला तरी पटत नाही. महिन्याभरात नट जिंकले.

बर्ट विल्यम्स त्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे आला, तोंड रंगवलं, कपडे चढवले, खोलीबाहेर आला, तर प्रेक्षागृह रिकामं. संपाचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

१५. एकूण फॉलीज किती? कुठे २१ वाचलं, कुठे जास्त.

झीगफेल्डच्या हयातीत २१: १९०७ ते १९२५ दरवर्षी, मग १९२७ आणि १९३१. गोंधळ होतो तो १९२६ मुळे. त्या वर्षी खेळ झाला, पण अर्लँगरशी नावाच्या हक्कावरून भांडण चालू असल्याने 'फॉलीज' म्हणता येईना. म्हणून नाव ठेवलं 'नो फूलिन''. आकडा याहून मोठा दिसला तर त्यात मृत्यूनंतरचे खेळ धरलेले असतात (प्रश्न २०).

१६. 'शो बोट' त्याचंच? ते तर त्याच्या पठडीतलं वाटत नाही.

त्याचंच, आणि पठडीतलं नाही हेही बरोबर. एडना फर्बरच्या १९२६ च्या कादंबरीवरून जेरोम कर्न आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांनी रचलेलं. मिसिसिपीवरची नाटकी बोट, चाळीसेक वर्षांचा काळ, मिश्र वंशाच्या नटीला गोऱ्या नवऱ्यासकट बोट सोडायला लावणारा कायदा, नवऱ्याने टाकलेली बायको, आणि ओझी वाहणाऱ्या काळ्या हमालाचं गाणं. ज्या माणसाने वीस वर्षं कथा नकोच म्हटलं, त्याने अमेरिकन रंगभूमीला कथा सांगायला शिकवणारा खेळ उभा केला.

संहिता वेळेवर झाली नाही, म्हणून नवं 'झीगफेल्ड थिएटर' फेब्रुवारी १९२७ मध्ये 'रिओ रिटा'ने उघडलं. वॉशिंग्टनमधला पहिला प्रयोग चार तासांहून लांबला. २७ डिसेंबर १९२७ च्या न्यूयॉर्कच्या पहिल्या रात्री प्रेक्षक इतके शांत होते की खेळ पडला असं समजून झीगफेल्ड रडला, अशी आठवण सांगतात. सकाळी तिकीट खिडकीवर रांग. ५७२ प्रयोग झाले.

रचना कर्न-हॅमरस्टाइनची, हे खरंच. पण एवढा अवघड विषय, काळ्या आणि गोऱ्या अशा दोन्ही गायकवृंदांसह, पूर्ण थाटात उभा करायला पैसे ओतणारा दुसरा निर्माता तेव्हा मिळाला असता असं मला वाटत नाही.

१७. एवढं कमावून कर्जबाजारी कसा झाला?

कमावलं ते पुढच्या खेळात घातलं, आणि उरलं ते जुगारात. घरी हत्तीसकट प्राणिसंग्रह. तारांचं वेड असं की एकाच इमारतीतल्या माणसाला लांबलचक तार करायचा. पहिली फॉलीज १३ हजारांत झाली होती. १९१९ ची लाखावर गेली.

ऑक्टोबर १९२९ च्या शेअर बाजाराच्या घसरणीत तो धुऊन निघाला. १९३० चा 'स्माइल्स' हा खेळ 'सॅली'ची नायिका मॅरिलिन मिलर आणि नर्तक अस्टेअर भावंडं असूनही आपटला. १९३२ च्या 'हॉट-चा!'ला तर डच शुल्ट्झ आणि वॅक्सी गॉर्डन या दारू-टोळीवाल्यांचा पैसा लागला होता. वारला तेव्हा देणीच देणी. बिली बर्कने ती फेडायला सिनेमात काम धरलं. 'विझर्ड ऑफ ऑझ'मधली चांगली चेटकीण ती हीच.

१८. 'द ग्रेट झीगफेल्ड' सिनेमा कितपत खरा?

१९३६ चा हा चित्रपट ऑस्कर घेऊन गेला, आणि अ‍ॅना हेल्डच्या भूमिकेसाठी लुईझ रायनरलाही मिळालं. पटकथा लिहिणारा विल्यम अँथनी मॅग्वायर झीगफेल्डकडे काम केलेला, त्यामुळे बारकावे खरे आणि रचना सोयीची. फॉलीजमधली नटी लिलियन लोरेन आणि मॅरिलिन मिलर यांची नावं बदललेली आहेत. सिनेमातला तो मोठा फिरता जिना खऱ्या रंगमंचावर मावलाच नसता. शेवटी झीगफेल्ड आपल्या थिएटरसमोरच्या खोलीत मरतो असं दाखवलंय; प्रत्यक्षात लॉस एंजेलिसच्या रुग्णालयात. फॅनी ब्राइस मात्र स्वतःच स्वतःच्या भूमिकेत आहे.

१९. न्यूयॉर्कला गेलो तर काय पाहता येईल?

झीगफेल्ड थिएटर १९६६ मध्ये पाडलं. जवळच त्या नावाचं सिनेमागृह नंतर झालं, तेही २०१६ मध्ये बंद झालं; त्याचा मूळ वास्तूशी संबंध फक्त नावाचा. न्यू ॲम्स्टरडॅम मात्र उभं आहे. डिस्नेने दुरुस्त करून १९९७ मध्ये उघडलं. तिथले कर्मचारी ऑलिव्ह थॉमस या १९२० मध्ये पॅरिसला वारलेल्या झीगफेल्ड गर्लचं भूत आहे म्हणतात. तिकीट काढताना ते धरून चला.

२०. १९३४ ची 'झीगफेल्ड फॉलीज' त्याने कशी काढली? तो तर १९३२ मध्येच वारला.

त्याने नाही काढली. शुबर्ट बंधूंनी काढली, म्हणजे ज्यांच्याशी त्याने जन्मभर स्पर्धा केली त्यांनीच. बिली बर्ककडून नावाचा हक्क त्यांनी घेतला, कारण तिला पैशांची गरज होती आणि त्यांना नावाची. १९३६ ची, जोसेफिन बेकर असलेली फॉलीजही त्यांचीच. १९३४ च्या जाहिरातीत निर्माता म्हणून शुबर्टांचं नाव नाही. तिथे 'मिसेस फ्लोरेन्झ झीगफेल्ड' असं छापलं आहे.